चेहरा न्यायचा राहून गेला

फोटो, पहिलीतला

निळा गणवेश, पांढरी कॉलर. समोरचे दात पडलेले, त्यामुळे हसू रुंद. मागे शाळेची पत्र्याची भिंत. उजव्या कोपऱ्यात कुणाचं तरी बोट दिसतं. ते वासेमाथाचं. फोटो काढताना तिचं बोट नेहमी मध्ये यायचं आणि संस्थेतले लोक त्यावरून तिला हसायचे.

संस्थेचे नियम असे होते : मूल एकटं असावं. हसरं असावं. तोंडावर उजेड हवा. घरचं माणूस, कुत्रं, चूल, दोरीवरचे कपडे, यातलं काही दिसू नये.

नुसता चेहरा.

वासेमाथा वर्षातून एकदा राजधानी सुवाहून कंदावू बेटावर यायची. जहाजाने धक्क्यापर्यंत, आणि तिथून नेमानी नावाड्याच्या फायबरच्या होडीतून वुनिवाऊ गावापर्यंत. काम सोपं होतं. गावातल्या ज्या मुलांच्या शाळेचं काही खरं नव्हतं, त्यांच्यासाठी संस्थेने परदेशात एकेक पालक शोधले होते. ते पालक गणवेश, दप्तर, पुढे वसतिगृह, सगळ्याचा भार उचलायचे. त्यांना दर वर्षी मुलाचा एक फोटो जायचा.

केलेराच्या वाट्याला आली होती मिस विनी. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, सकाळी गवतावर बर्फ धरतं अशा गावात एकटी राहणारी म्हातारी. सगळी नोकरी पोस्टात केलेली, लग्न न केलेली.

केलेराची आई तिला जन्म देतानाच वारली. बाप मोठ्या मासेमारी जहाजावर, कधी उगवेल ते त्याचं त्यालाही माहीत नसे. पोरीला वाढवत होती बापाची आई, तारुसिला. तिला सगळं गाव बू म्हणायचं, म्हणजे आजी.

त्या पहिल्या दिवशी बू दारात बसून केवड्याच्या पात्यांची चटई विणत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कुठं चाललाय हा फोटो?"

"ऑस्ट्रेलियाला, बू. केलेराचा खर्च उचलणाऱ्या बाईंकडे."

"आणि सोबत काय चाललंय?"

"सोबत काही नाही. फोटोच."

"रिकाम्या हातानं?"

"ईमेलला हात नसतात, बू," वासेमाथा म्हणाली. शेजारच्या बायका खो-खो हसल्या. बू हसली नाही.

"पोरीचा चेहरा अजून तिच्या आईच्या गावी नेलेला नाही. द्यायचा देवमाशाचा दात पेटीतच पडलाय. चटया पुऱ्या होत नाहीत, हिचा बाप जागेवर सापडत नाही. आणि तू आधी तिकडं नेऊन दाखवतेस?"

"फोटो म्हणजे काय चेहरा झाला का?"

"मग काय आहे तो? ढुंगण आहे?"

आता तर बायकांना हसून हसून बसवेना.

वासेमाथाला रीत माहीत होती. शहरात वाढली तरी ती याच बेटांची लेक होती. मूल जरा मोठं झालं की देवमाशाचा दात आणि चटया घेऊन त्याला आईच्या माहेरी न्यायचं, तिथल्या माणसांसमोर उभं करायचं. 'मुलाचा चेहरा आणला आहे, घ्या,' असं म्हणायचं. त्याआधी त्या गावात त्याने पाऊल टाकायचं नाही. तिलाही नेलं होतं, अगदी लहान असताना. तिला आठवायचं ते एवढंच की चटईवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिच्या हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं होतं आणि म्हटलं होतं, "आलीस."

"चेहरा ज्या घरी पहिल्यांदा जातो," बू म्हणाली, "ते घर मुलाचं आजोळ. लक्षात ठेव."

पण फोटो नाही तर शाळा नाही, हे बूलाही कळत होतं. तिने केलेराचे केस ओल्या हाताने चापून बसवले आणि उजेडात ढकललं.

निघताना वासेमाथा म्हणाली, "येते हं मी पुन्हा." ती प्रत्येक घरी असंच म्हणायची. म्हणायला काय जातं.

*

फोटो, दुसरीतला

लाल लोकरीचा स्वेटर. मिस विनीने विणून पाठवलेला. भर उन्हाळा, भिंतीचा पत्रा तापून करकरत होता. केलेराच्या कपाळावर घामाचा थेंब नाही.

*

फोटो, तिसरीतला

यात काही विशेष नाही. फक्त हा फोटो खूपच स्पष्ट आला आहे. पापणीचे केस मोजता यावेत इतका.

त्या वर्षी होडी लागली तेव्हा किनाऱ्यावर मुलं धावत आली. "केलेरा कुठाय?" वासेमाथाने विचारलं. अगदी समोर उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "मीच की." वासेमाथाने हसून वेळ मारून नेली. सगळी मुलं सारखीच दिसतात, ती स्वतःशी म्हणाली, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. असं तर परदेशी पाहुणे म्हणतात.

*

फोटो, चौथीतला

हा फोनच्या पडद्यावरून घेतला आहे. एका चौकोनात केलेरा, दुसऱ्यात मिस विनी.

पालकांना मुलांशी बोलता यावं असं संस्थेने त्या वर्षी ठरवलं होतं. वुनिवाऊला फोनची रेंज यायची ती फक्त शाळेपाशी, नीरफणसाच्या झाडाखाली. म्हातारी इंग्रजीत बोलणार, वासेमाथा ते केलेराला सांगणार, असा बेत.

मिस विनीचं स्वयंपाकघर दिसलं. मागे भिंतीवर चौकटींमध्ये फोटो, एका ओळीत. म्हातारी ताठ बसली होती, चष्मा दोरीला बांधलेला.

"आज केस विंचरलेत वाटतं," मिस विनी म्हणाली. "काल तर नुसता झिंज्यांचा पसारा होता."

वासेमाथाला वाटलं, बाई जुन्या फोटोबद्दल बोलताहेत. तिने ते केलेराला सांगितलंच नाही.

"तिला विचार, मुरंबा आवडला नाही का? एक घास खाल्ला आणि बाकीचा ताटलीच्या कडेला लावून ठेवला. मला कळत नाही असं वाटतं तिला."

वासेमाथा शब्द जुळवत होती, तेवढ्यात केलेरा हसली. आपल्याच भाषेत म्हणाली, "कडू लागतो."

पलीकडून मिस विनी लगेच म्हणाली, "बरं. मग पुढच्या वेळी मध."

मिस विनीला या बेटांच्या भाषेतला शब्दसुद्धा येत नव्हता.

फोन ठेवल्यावर वासेमाथा केलेराजवळ बसली. "कसला मुरंबा, ग?"

"संत्र्याचा. सालं असतात त्यात."

"तू कुठं खाल्लास?"

"मिस विनीकडं." केलेरा जमिनीवरची मुंगी काडीने वळवत होती. "तिथली लादी फार गार असते. म्हणून मी पाय वर घेऊन बसते."

"रात्री स्वप्नात जातेस होय?"

"रात्री कशी जाईन? रात्री बू कुशीत घेऊन झोपते. दुपारी जाते. मास्तर गणित घेतात तेव्हा."

वासेमाथाने सुवाला जाऊन अहवालात लिहिलं, 'मूल आणि पालक यांच्यात चांगली जवळीक निर्माण झाली आहे.' दुसरं काय लिहिणार?

*

फोटो, पाचवीतला

इतका सुंदर की संस्थेने तो आपल्या कॅलेंडरवर छापला.

"केलेरा ना?" आपिसाई मास्तर म्हणाले. "हो तर, आहे की. हुशार आहे. थांबा हं, मॅडम, बोलावतो." ते व्हरांड्यात आले आणि मैदानावर नजर फिरवू लागले. बराच वेळ.

केलेरा त्यांच्या शेजारी उभी होती. त्यांचा सदरा धरून.

"मास्तर," ती म्हणाली.

"एक मिनिट, बाळ, मी केलेराला शोधतोय."

*

फोटो, सहावीतला

काढला नाही.

*

त्या फोटोच्या जागी हे घ्या.

सहाव्या वर्षी वासेमाथा धक्क्यावर उतरली तेव्हा नेमानी होडीत पाय पसरून बसला होता. तिच्या बापाच्या गावाचं आणि नेमानीच्या गावाचं थट्टेचं नातं होतं. पूर्वजांचे देव म्हणे भाऊ-भाऊ. तेव्हापासून दोन्ही गावच्या माणसांनी भेटल्यावर एकमेकांचा उद्धार करायचा, आणि कुणी रागवायचं नाही. नातं विसरून गोड बोलणं हाच अपमान.

"आली बघा, चिखलखाऊंच्या गावची राणी!" नेमानी ओरडला. "गेल्या खेपेपेक्षा जाड झालीस. होडी बुडवायला पाठवलीय काय तुला?"

"तुझी होडी बुडायला मी कशाला लागते? तू बसलास की पुरे."

"तुमच्यात कुणाला पोहता येतं? तुमच्याकडचे मासेसुद्धा बुडून मरतात."

"आणि तुमच्याकडचे तुझं तोंड बघून."

तिला बरं वाटलं. वर्षभर ऑफिसात सगळे तिच्याशी नीट बोलायचे.

वाटेत तिने त्याला सांगितलं की ही केलेरासाठीची शेवटची खेप असेल कदाचित. मिस विनी थकली होती. सोमवारी तिला वृद्धाश्रमात नेणार होते, घर विकायला काढलं होतं. त्याआधी एकदा मुलीशी बोलायचंय, असा तिने निरोप दिला होता.

"कोण केलेरा?" नेमानी म्हणाला.

"बू तारुसिलाची नात."

"हां, नात. आहे तिला नात." तो काही वेळ इंजिनकडे बघत राहिला. "पण कशी दिसते ग ती?"

*

बूच्या घरात दुपारची सावली होती. नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूच्या भाजीचा वास येत होता. कोपऱ्यात लाल स्वेटर घातलेली एक मुलगी पाय वर घेऊन बसली होती.

बूने वासेमाथाचा हात धरून तिला दाराशी ओढलं आणि हळूच विचारलं, "ती पोर कुणाची, तुला माहीताय का? सकाळपासून बसलीय. कसावाचे कंद दिले, खाल्ले. हाकलवत नाही मला."

वासेमाथाने वळून पाहिलं. मुलगी दिसत होती. केस, हात, स्वेटरची बाही उसवलेली. पण चेहऱ्यावर नजर ठेवली की ती ठरत नव्हती. ओल्या खडकावरून पाय घसरतो तशी कानाकडे, केसांकडे, मागच्या भिंतीकडे घसरत होती.

"बू," वासेमाथा म्हणाली. "ती केलेरा आहे."

बूने मुलीकडे पाहिलं. मग लंगडत कोपऱ्यात गेली, खाली बसली आणि मुलीचा डावा पाय मांडीवर घेतला. घोट्याच्या वर भाजल्याची जुनी खूण होती, पानाच्या आकाराची. बूने तिच्यावरून अंगठा फिरवला.

"हो," ती म्हणाली. "ही माझीच. चुलीतलं लाकूड पडलं होतं." आणि मग एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मला माहीत आहे ग, मला नात आहे. नाव माहीत आहे. काय खाते, कशाला भिते, सगळं माहीत आहे. पण तोंड म्हणून आठवत नाही. रोज सकाळी मी आधी पाय बघते आणि मग हाक मारते. आज विसरले."

केलेरा तिचे डोळे पुसत होती. "असू दे, बू," ती म्हणाली. "मास्तर पण विसरतात."

वासेमाथाने फोन काढला. तिच्याकडे दुसरा इलाज नव्हता. फोनमध्ये चेहरा दिसला की त्याच्याभोवती पिवळा चौकोन उमटतो. तिने केलेरासमोर धरला. चौकोन आला नाही. जवळ नेला, लांब नेला. चौकोन एकदा बूच्या तोंडाभोवती आला, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरभोवती. कॅलेंडरवर पाचवीतली केलेरा हसत होती, पापणीन् पापणी स्पष्ट.

"तिकडं गेलाय," बू म्हणाली. "थोडा थोडा करून सगळा. तू नेलास."

"बू, मी फक्त..."

"तू वाईट हेतूनं नेलास असं म्हणते का मी? पोरीला शाळा हवी होती, मीच उभी केली तिला उन्हात. पण म्हातारी सोमवारी घर सोडणार म्हणतेस. उद्या-परवा डोळे मिटेल. मग काय? तिच्याबरोबर हिचा चेहरा शवपेटीत जाईल. बिनचेहऱ्याची पोर मी कुणाला दाखवू? कोण तिला जेवायला वाढेल? तिचा बाप आला तर कुणाला उचलून घेईल?"

वासेमाथाने फोन खाली ठेवला.

"चेहरा परत मागायचा," बू उठत म्हणाली. "दात ठेवून. आधीच करायला हवं होतं ते आता करायचं."

*

घराण्याच्या वतीने बोलणारा माणूस म्हणजे सेतारेकी. बूचा दीर, जाडजूड, मोठ्या आवाजाचा. तो आला, चटईवर बसला, सगळं ऐकलं.

"फोनसमोर दात धरू?" तो म्हणाला. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? उद्या म्हणाल रेडिओचं लग्न लाव."

"तुझ्या घरातल्या पोरीचं आहे हे."

"कुठल्या पोरीचं?" सेतारेकीने विचारलं. केलेरा त्याच्यासमोर पाण्याचा पेला घेऊन उभी होती. त्याने पेला घेतला, प्याला, परत दिला. "आणि परत मागायची रीतच नाही आपल्यात. चेहरा नेतात. आणत नाहीत कुणी."

तो गेला. बूने पेटी उघडली. जुन्या कापडात गुंडाळलेला दात निघाला, तेलाने पिवळा झालेला, काथ्याच्या वळलेल्या दोरीसकट. केलेराच्या आईच्या गावी जायचा तो हाच.

"तू बोल," बू म्हणाली. "नेणारी तूच होतीस."

*

नीरफणसाच्या झाडाखाली चटई घातली. शाळा सुटून गेली होती. मैदानावर दोन कोंबड्या आणि बरंचसं ऊन. वासेमाथाला दोन्ही हातांनी दात धरायचा होता, म्हणून तिने फोन एका पालथ्या भांड्याला टेकवून समोर उभा केला.

"पोरीला पडद्यात आणू नकोस," बू म्हणाली. "उरलासुरला तरी राहू दे." तिने केलेराला झाडामागे, आपल्याजवळ बसवलं.

म्हणून पडद्यावर छोट्या चौकोनात दिसत होती ती एकटी वासेमाथा.

मोठ्या चौकोनात मिस विनीचं स्वयंपाकघर आलं. खोकी भरून ठेवलेली. भिंतीवरचे पाच फोटो मात्र जागच्या जागी. म्हातारी फार बारीक झाली होती. तिच्या शेजारच्या खुर्चीसमोर ताटलीत पाव होता, मध लावलेला.

"आत्ता उठून गेली," मिस विनी म्हणाली. "तुझा फोन वाजला आणि उठली. अर्धाच खाल्लाय बघ."

वासेमाथाने दात उचलला. बूने पोकळ हाताने टाळी वाजवली, एकदा, खोल. आपल्या भाषेतले ठरलेले शब्द वासेमाथा बोलू लागली. 'हा चेहरा आम्ही आपल्या दारी आणला आहे...' तिच्या लक्षात आलं की हे शब्द चेहरा नेऊन द्यायचे आहेत, परत मागायचे नाहीत. पण दुसरे शब्द कुणी तयारच केलेले नव्हते. ती तेच बोलली आणि मग इंग्रजीत वळली.

"मिस विनी, आमच्याकडून एक चूक झाली. आमच्यात मुलाचा चेहरा असा कुणाकडे पाठवत नाहीत. विचारावं लागतं, मान द्यावा लागतो. आम्ही नुसताच पाठवत राहिलो. तो तुमच्याकडे राहिलाय. इथे तिची आजी तिला ओळखत नाही. आम्ही तो मागायला आलो आहोत."

तिला वाटलं, म्हातारी हसेल, किंवा घाबरेल.

"मी वाटच बघत होते, कुणी मागायला कधी येतंय याची," मिस विनी म्हणाली. "पोस्टात जन्म काढला मी. चुकीच्या पत्त्यावर आलेली वस्तू आपली होत नाही, एवढं कळतं. पण परत पाठवायला मागे पत्ता लागतो, आणि तिला विचारलं की ती नुसती हसायची." तिने चष्मा लावला. "वसतिगृहाचं सगळं मी वकिलाकडे करून ठेवलंय. त्याला आता फोटो लागणार नाहीत. तिच्या आजीला सांग."

ती उठली. भिंतीवरून पहिली चौकट काढली आणि टेबलावर पालथी ठेवली.

झाडामागे केलेराने मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा.

दुसरी चौकट.

"कपाळ," बू पुटपुटली. "अग, कपाळ आलं."

तिसरी. चौथी.

"नाक. तिच्या आईचं नाक. देवा, मी विसरले होते तिच्या आईचं नाक असं होतं."

पाचव्या चौकटीवर मिस विनीचा हात थांबला.

"मुलीनं आपल्या घरी जावं," ती म्हणाली. "मला ते पटतं. पण सोमवारी मला एका खोलीत नेऊन ठेवणार आहेत, ग. तिथे मला ओळखणारं कुणी नाही. इतकी वर्षं दुपारी कुणीतरी येऊन या खुर्चीत बसायचं. सवय झाली होती." ती जरा हसली. "म्हातारीचं काय एवढं मनावर घ्यायचं. काढते हं."

चौकट धरून ती रडू लागली. तिच्यामागे सगळी रिकामी भिंत, आणि जिथे फोटो होते तिथे रंगाचे उजळ चौकोन.

वासेमाथाच्या तोंडून ते निघालं. जसं प्रत्येक घरातून निघताना निघायचं, तसंच.

"मी येत जाईन."

मिस विनीने मान वळवली. चौकट हातात घेऊन ती फोनजवळ आली, इतकी जवळ की पडद्यावर तिचे डोळेच राहिले. बराच वेळ ती पाहत होती. मग तिने बोट पुढे केलं आणि पडद्याच्या खालच्या बाजूला टेकवलं, हनुवटीला टेकवावं तसं.

"आलीस," ती म्हणाली.

आणि शेवटची चौकट पालथी केली.

*

बूने केलेराचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं आणि ती एकेक गोष्ट मोठ्याने सांगत होती. भुवई अशी. ओठ असे. हा दात वाकडा, हा बापाचा. केलेरा म्हणत होती, "बू, पुरे, दुखतंय," आणि हसत होती. मैदानापलीकडून आपिसाई मास्तर ओरडले, "केलेरा! अग, तुझी वही राहिलीय वर्गात!" त्यांना आवाजावरून नाही, तोंडावरून ओळखता आलं होतं.

वासेमाथा चटईवर बसून हे सगळं बघत होती. तिला खूप हलकं वाटत होतं.

बू तिच्याजवळ आली. "शेवटी काय म्हणालीस तिला? रडत होती, मग एकदम गप्प झाली."

"काही नाही, बू. येत जाईन म्हटलं. एकटी आहे बिचारी."

"दात हातात असताना?"

वासेमाथाने खाली पाहिलं. दात तिच्या दोन्ही हातांत होता. तो कुठे गेलाच नव्हता. काथ्याच्या दोरीचा पीळ तळव्यात रुतून लाल झाला होता.

दात इथेच होता. आणि तिकडून एक चेहरा परत आला होता. मग बदल्यात इकडून काय गेलं होतं?

बूने तो तिच्या हातांतून हळूच सोडवून घेतला. दात धरून बोललेला शब्द मागे घेता येत नाही, हे सांगायची गरज नव्हती. वासेमाथाला ते जन्मापासून माहीत होतं. बू घरात गेली आणि लाल स्वेटर घडी करून घेऊन आली.

"हा ने," ती म्हणाली. "आता तिला नाही लागणार."

ती वासेमाथाकडे बघून बोलत होती, पण डोळे सारखे तिच्या कानाकडे, केसांकडे, मागच्या झाडाकडे सरकत होते.

*

किनाऱ्यावर नेमानी इंजिनची दोरी तपासत होता. वाळू अजून तापलेली होती. वासेमाथा पाण्यात उतरली आणि थांबली. आता तो काहीतरी बोलेल. चिखलखाऊ, जाडी, बुडणारे मासे. तिने उत्तरही तयार ठेवलं होतं.

नेमानीने वर पाहिलं. टोपी काढली. हात पुढे केला.

"सावकाश, बाई," तो म्हणाला. "पाय जपून ठेवा, कड ओली आहे. पाहुण्या दिसताय. पहिल्यांदाच आलात का आमच्याकडे?"

त्याचा हात धरून ती होडीत बसली.

इंजिन सुरू झालं. ऊन डोळ्यांवर येत होतं, नेमानीच्या मानेवरून घाम ओघळत होता. वासेमाथाच्या तळपायांना गार लागायला लागलं, लादीवर उभं राहिल्यासारखं. तिने पाय वर घेतले. मग स्वेटरची घडी मोडून तो अंगावर ओढला. बाही आखूड पडत होती.

जिभेवर काहीतरी गोड लागत होतं. कुठेतरी कुणीतरी खुर्ची मागे सरकवत होतं.